एक मापटं म्हणजे चारशे छप्पन्न ग्रॅम

सोमवार, २ डिसेंबर. सकाळी, चहाच्या आधी.

या घरात खरं काय घडलं याची नोंद ठेवणारा एक तरी माणूस हवा, म्हणून लिहायला घेतलं. बाकी सगळ्यांचा कारभार तोंडी. वही कपाटावर सुटकेसच्या मागे ठेवणार. भाग्यश्रीच्या हाती लागली तर गावभर होईल.

परिस्थिती अशी. माझ्या बायकोच्या, म्हणजे सीमाच्या, बचत गटाने पेरूच्या वड्या काढल्या. यवतला हायवेवर शाहनवाजभाईंचं मिठाईचं दुकान आहे, त्यांना चव आवडली. गटाने दोन खेपा दिल्या. पहिल्या खेपेतल्या वड्या इतक्या मऊ की डब्यात सगळ्या मिळून एक झाल्या. दुसरी खेप लिमलेटच्या गोळीसारखी, एका गिऱ्हाइकाची दाढ दुखावली म्हणे. काल शाहनवाजभाईंचा फोन आला. म्हणाले, सीमाताई, चव एक नंबर हाय, पण दर खेपेला नवीनच वस्तू निघती. मापानं करू नका, वजनावर करा. वीस तारखेला पक्का नमुना आणा. जमला तर नाताळच्या सुट्टीपासून दर आठवड्याला माल घेतो, न्हाई जमला तर मला दुसरीकडं बघावं लागंल.

सीमा काल जेवली नाही. यवतपासून दौंडपर्यंत एकेका दुकानात डबा उघडून दाखवत ती दोन वर्षं हिंडली, तेव्हा कुठे हा एक माणूस हो म्हणाला.

चूक काय आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही, एवढंच. या बायका पेरू मापट्याने घेतात. मापटं म्हणजे सासूबाईंचं अर्ध्या शेराचं पितळी भांडं, काठाला पोचा आलेलं. पाच मापटी पेरूच्या फोडी, तीन मापटी साखर, झाली यांची रेसिपी. साखर सपाट घ्यायची आणि फोडींना शीग लावायची, म्हणजे काठाच्या वर ढीग. कुणाची शीग केवढी, ते तिच्या त्या दिवसाच्या मूडवर.

मी अठरा वर्षं कंपनीत क्वालिटीला होतो. माणूस मायक्रॉनमध्ये विचार करणारा. दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला सोडलं (त्यांचं नुकसान), तेव्हापासून शिरूरची खोली सोडून आम्ही न्हावऱ्याला सासूबाईंच्या घरी राहतो. तात्पुरते.

संकल्प: मापट्याचं ग्रॅममध्ये रूपांतर. मी करणार. आठवड्याच्या आत.

मंगळवार, ३ डिसेंबर

नाश्त्याला जाहीर केलं की गटाचा तांत्रिक सल्लागार म्हणून काम बघायला मी तयार आहे, मानधन नको. सीमा म्हणाली, बघा. ही नेमणूक समजतो.

तेवढ्यात भाग्यश्री आली. ही सीमाची धाकटी बहीण, दोन आळ्या पलीकडे दिलेली, आणि गटाची अध्यक्ष. ऐकून म्हणाली, दाजी, आधी मोरीतला नळ बघा, दिवाळीपास्नं गळतोय. नळाचा आणि पेरूचा संबंध काय? ही या लोकांची विचार करायची पद्धत. सासूबाई हसल्या. सासूबाई मला अजून पाव्हणं म्हणतात. दोन वर्षं झाली.

आजपासून भाग्यश्रीशी अबोला.

बुधवार, ४ डिसेंबर

दिवसभर इंटरनेट. फळांचे तक्ते भरपूर आहेत, सगळे कपात. अमेरिकेचा कप वेगळा, इंग्लंडचा वेगळा. एवढे पुढारलेले देश आणि एका कपावर यांचं एकमत नाही. न्हावऱ्यात निदान मापटं तरी एकच आहे. हे वाक्य मी सासूबाईंसमोर बोललो नाही.

तक्त्यात ब्लूबेरी आहे, स्ट्रॉबेरी आहे, अजून एक कसली तरी काळी बेरी आहे. पेरू नाही. नाशपातीचा आकडा होता. चेहरेपट्टी बघता चालून गेला असता, पण मी पाट्या टाकणारा माणूस नाही.

निर्णय: स्वतःचा तक्ता स्वतः काढायचा. पद्धत सोपी आहे. पाच मापटी फोडी एका टपात ओतायच्या, टपाचं वजन वजा करायचं, उरलेल्याला पाचने भागायचं. याला सरासरी म्हणतात. भाग्यश्रीला माहीत नसणार.

भाग्यश्रीशी अबोला, दिवस दुसरा. तिच्या अजून लक्षात आलेला नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. सकाळी विहारात वंदना. आज प्रयोगाचं काम नाही.

विहारात भाग्यश्रीने सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला. घेतला. अबोला चहाला लागू नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

शिरूरला जाऊन डिजिटल वजनकाटा आणला. एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. येताना एसटीत मांडीवरून खाली ठेवला नाही, कंडक्टरने दोनदा विचारलं बाळ आहे का.

घरी आल्यावर ट्रायल. मोबाईल, चष्मा, मापटं, सगळ्यांची वजनं घेतली. सासूबाईंचा मिश्रीचा डबा काट्यावर ठेवला तर त्यांनी हिसकावून घेतला. म्हणाल्या, ते बी मोजनार का आता. सहकार्य शून्य.

रविवार, ८ डिसेंबर. दुपारी.

प्रयोग झाला. यशस्वी. सविस्तर लिहितो, कारण उद्या याचं श्रेय घ्यायला दहा जण येतील.

दौंडच्या बाजारातून क्रेटभर पेरू आलेले. सीमा आणि भाग्यश्रीने फोडी केल्या (अबोला कामापुरता स्थगित). सासूबाईंनी मापटं घेतलं, पहिलं भरलं, टपात ओतलं आणि म्हणाल्या, लाभ.

इथेच मी त्यांना थांबवलं. आमच्या भागात धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं मोजतात. शुभ असतं म्हणे. मी स्पष्ट सांगितलं, अठरा वर्षांत एकाही इन्स्पेक्शन रिपोर्टवर मी लाभ हा आकडा पाहिलेला नाही. विज्ञानात पहिलं माप एक. सासूबाई म्हणाल्या, पाव्हणं, तुमचं वडील शिरूरच्या बाजारात मापाडी व्हतं, जलमभर तेच म्हनत व्हतं की. मी म्हणालो, वडिलांचा काळ वेगळा होता. वडील धान्य मापत, तेव्हा मी पोत्यावर बसून ऐकायचो, त्यामुळे मला हे कुणी शिकवू नये.

टप रिकामा केला. मापटं त्यांच्या हातातून काढून घेतलं. मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ चालू केला, कारण भाग्यश्री उद्या काहीही म्हणेल आणि मला पुरावा लागेल. मग स्वतः शीग लावून मापायला सुरुवात केली. पहिल्या मापट्याला जीभ जरा घसरली, पण लगेच सावरून घेतलं आणि एकपासून रीतसर पाचपर्यंत मोजलं. सीमाने साखरेची तीन मापटी वेगळी काढली. ती मनात मोजते, फक्त ओठ हलतात.

निकाल. पेरूच्या फोडी: दोन हजार दोनशे ऐंशी ग्रॅम, भागिले पाच. एक मापटं म्हणजे चारशे छप्पन्न ग्रॅम. चार, पाच, सहा. आकडाच बघा कसा ओळीने उभा आहे. चुकीचं उत्तर इतकं नीटनेटकं येत नाही.

साखर तीन मापट्यांची बाराशे नव्वद ग्रॅम. हाही आकडा वाईट नाही.

सोमवार, ९ डिसेंबर

पुन्हा शिरूर. झेरॉक्सच्या दुकानात तक्ता टाईप करून लॅमिनेट करून घेतला. वर "पेरू वडी: रूपांतर तक्ता", खाली "संशोधन: मच्छिंद्र". स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या जागी लावला. सीमाने विचारलं, कॅलेंडर कुठं गेलं, त्याच्यावर सिलेंडरची तारीख लिहिलीय. संशोधकाच्या घरच्यांना काय सोसावं लागतं ते वाचलं होतं. संशोधकाला काय सोसावं लागतं ते कुणी लिहीत नाही.

तक्त्यात वेळही टाकली आहे. या बायका गर आणि साखर "कडेनं सुटेपर्यंत" हलवतात. कडेने सुटेपर्यंत हे काय एकक आहे? मी चाळीस मिनिटं लिहिलं. गोल आकडा.

बुधवार, ११ डिसेंबर

वजनावरची पहिली खेप. फोडी दोन हजार दोनशे ऐंशी, साखर बाराशे नव्वद. उकडलं, चाळणीतून गर काढला, साखर घातली. मी टायमर धरून उभा. चाळीस मिनिटं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, अजून सुटलं न्हाई, बुळबुळीत हाय, आनखी हलवा. मी गॅस स्वतः बंद केला. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी. सुरी फिरवली की रेघ उमटते आणि सुरी पुढे गेली की मागून रेघ बुजते. वडी पडली नाही.

कारण हवा असावी. आज हवा जड वाटली होती. शिवाय ताटाला तूप भाग्यश्रीने लावलं होतं आणि ते मी तपासलं नव्हतं. इथून पुढे तूपही वजनावर.

भाग्यश्रीने ती वडी चपातीला लावून खाल्ली आणि अजून मागितली. हा अपमान आहे. अबोला पुन्हा सुरू, आता कडक.

गुरुवार, १२ डिसेंबर

मी आंघोळीला गेलो असताना भाग्यश्रीने माझ्या काट्याला हात लावला. एक मापटं फोडी भरली, शीग लावली आणि वजन केलं. तीनशे ऐंशी आलं. बाहेर येऊन बघतो तर सीमाला दाखवत होती.

मी (सीमामार्फत) कळवलं की एका मापट्यावर विज्ञान चालत नाही, सरासरी लागते. आणि तिची शीग कद्रू आहे. ती म्हणाली, मग दाजी, तुमची शीग दावा की.

दाखवली. तीनशे ऐंशीपर्यंत अडचण आली नाही. पुढे एकेक फोड हाताने रचावी लागली. चारशे दहाला दोन फोडी घसरल्या, त्या परत बसवल्या. चारशे तीसच्या आसपास सगळा ढीग एकदम ओट्यावरून खाली आला. सासूबाई केरसुणी घेऊन आल्या. म्हणाल्या, पाव्हणं, ही शीग न्हाई, ही शिवनेरी झाली. भाग्यश्री जिन्यात जाऊन हसली. मला ऐकू आलं.

निष्कर्ष: रविवारपासून पेरू सुकले. मापट्यामागे शहात्तर ग्रॅम पाणी उडालं. माझा आकडा ताज्या पेरूचा आहे, म्हणून तोच खरा. सीमाला हे समजावून सांगितलं. सीमा म्हणाली, आजचे पेरू आज सकाळी आणलेत. या मुद्द्यावर नंतर विचार करणार.

शुक्रवार, १३ डिसेंबर

विचार केला. मापट्यात गडबड आहे.

काठाचा पोचा रविवारी एवढा खोल नव्हता. पोचा खोल झाला की मापट्यात माल कमी बसतो. कुणी केला, कशासाठी केला, हे मी लिहीत नाही. सासूबाईंना सहज विचारलं की मापटं कुठे आपटलं का. म्हणाल्या, त्यो पोचा सीमीच्या जलमाआधीचा हाय. आन् पाव्हणं, माझ्या घरात राहून माझ्यावर वहीम घेता व्हय?

मी म्हणालो, वहीम नाही, ऑडिट आहे. मग मापट्यात पाणी भरून त्याचं वजन घेतलं. रविवारी पाणी भरून बघितलं नव्हतं, त्यामुळे तुलना कशाशी करायची ते राहिलं. संशय नोंदवून ठेवतो.

दुपारी ताटात भाजी निम्मी आली. वजन केलं नाही, पण डोळ्याला कळतं.

शनिवार, १४ डिसेंबर

सीमा म्हणाली, आता राहू द्या, आई करील तिच्या अंदाजानं, वीस तारीख जवळ आली. मी म्हणालो, अंदाजानेच तर शाहनवाजभाईंकडे दोनदा नाक कापलं गेलं. तिच्याकडे उत्तर नव्हतं. भाग्यश्रीकडे होतं, पण माझा तिच्याशी अबोला आहे.

तिघी तळेगाव ढमढेऱ्याला लग्नाला गेल्या. तेवढ्या वेळात मी एकट्याने दुप्पट खेप घातली. फोडी चार हजार पाचशे साठ, साखर दोन हजार पाचशे ऐंशी, वेळ चाळीस मिनिटं. तक्त्याप्रमाणे, अक्षरशः. ताटं आमच्या खोलीत कॉटखाली ठेवली. सुरीला जरा चिकटतात, पण सकाळपर्यंत बसतील.

योजना: उद्या सगळ्यांच्या आधी उठायचं आणि डबा थेट यवतला न्यायचा. सीमाला संध्याकाळी शाहनवाजभाईंचा फोन येईल, ऑर्डर पक्की. ती विचारेल, कुणी केलं? मी पेपर वाचत असेन.

रविवार, १५ डिसेंबर

एसटीने चौफुला, तिथून जीपने यवत. जीपमध्ये डबा तिरका झाला. शेजारच्या माणसाची पँट पांढरी होती. पांढरी पँट घालून जीपमध्ये बसणं हा त्याचा निर्णय.

शाहनवाजभाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला. डबा उघडला आणि जरा कलता केला. वड्या सगळ्या एका कोपऱ्यात गेल्या. डबा दुसऱ्या बाजूला कलवला, वड्या तिकडे गेल्या. म्हणाले, मच्छिंद्रभाऊ, ही वडी हाय का जॅम? मी प्रसंग सांभाळून म्हणालो की जॅम म्हणूनही चालेल, उलट मागणी जास्त. ते म्हणाले, जॅम मागितला कुणी? मग तक्त्याची झेरॉक्स दाखवली. त्यांनी ती वाचली, घडी केली, परत दिली. म्हणाले, कागद चांगला हाय. वीस तारीख शेवटची, भाऊ. आन् त्या दिवशी सीमाताईंनाच पाठवा, राग मानू नका.

मी घरी पोचायच्या आत त्यांनी सीमाला फोन केला होता. चुगलखोर माणूस.

सीमा ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती ओरडली नाही. ताट वाढून समोर ठेवलं आणि उभ्यानेच म्हणाली, दोन वर्षं मी दारोदार हिंडले, तवा तुम्ही कुठं न्हाई गेला. आन् आज माझं नाव सांगून गेला. मग आईच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

मला वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, मला खूप वाईट वाटलं. पण आकडा बरोबर आहे, त्याला मी काय करू.

सोमवार, १६ डिसेंबर

सीमा बोलत नाही. हा अबोला मी जाहीर केलेला नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

सीमा बोलत नाही. सासूबाई पाव्हणंसुद्धा म्हणत नाहीत. भाग्यश्री एकटी बोलते. म्हणाली, दाजी, उद्या दुपारी विहाराच्या हॉलमधी गटाची मीटिंग हाय, तुम्ही या. विषय विचारला. म्हणाली, तुम्हीच.

ठीक आहे. युद्ध हवंय ना? मिळेल. माझ्याकडे व्हिडिओ आहे.

मी तो अजून बघितलेला नाही. गरज काय? अठरा वर्षांत स्वतःची सही असलेला रिपोर्ट मी कधी परत वाचला नाही. (या मुद्द्यावरून कंपनीत एकदा वाद झाला होता. तो विषय वेगळा.) व्हिडिओत सगळं स्वच्छ आहे: ताजे पेरू, भरपूर शीग, मापट्याचा पोचा त्या दिवशी केवढा होता तो, आणि पाचपर्यंतचा खणखणीत आवाज. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जावा म्हणून विहारातला स्पीकर मोबाईलला जोडून घेणार.

बुधवार, १८ डिसेंबर. जेवणाआधी.

भाषण तयार. आधी व्हिडिओ, मग शांतता, मग मी उठणार. भाग्यश्री माफी मागेल. मी लगेच माफ करणार नाही, खिडकीबाहेर बघणार. मग करणार. सासूबाईंकडून माफीची अपेक्षा नाही, वय झालं आहे. त्यांनी फक्त मापटं माझ्या स्वाधीन करावं. सीमाला काही बोलायला लावायचं नाही. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं तरी पुरे.

इस्त्रीचा शर्ट.

बुधवार, १८ डिसेंबर. संध्याकाळी.

मीटिंग झाली.

गुरुवार, १९ डिसेंबर

काल लिहिता आलं नाही. नोंद ठेवणारा मी एकटाच, तेव्हा लिहिलं पाहिजे.

गटाच्या सगळ्या आल्या होत्या, सतरंजीवर बसलेल्या. सीमा भिंतीकडे. मी दोन वाक्यं प्रस्तावना केली आणि व्हिडिओ चालू केला. स्पीकर चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

मोबाईलच्या पडद्यावर माझे हात. मापटं भरलं, शीग लावली, टपात ओतलं. स्पीकरमधून माझा आवाज आला: लाभ.

मग जरा थांबलो. घसा खाकरला. दुसरं मापटं ओतलं, आणि माझा आवाज म्हणाला: एक. मग दोन, तीन, चार, पाच.

मी हसतच होतो. भाग्यश्रीकडे बघून मान डोलावली. मग लक्षात आलं की हॉलमध्ये कुणी हलत नाही. सासूबाई बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होत्या. म्हणाल्या, सा झाली.

मी म्हणालो, पुन्हा लावतो. पुन्हा लावला. पुन्हा सहा झाली. मी म्हणालो, लाभ धरायचं नसतं, ते शुभ म्हणून असतं. सासूबाई म्हणाल्या, पाव्हणं, लाभ म्हंजी वाऱ्यावर सोडलेलं माप न्हाई. पैलंच माप हाय ते. तुमच्या वडलांनी लाभ धरला नसता तर बाजारात एक दिस तरी टिकलं असतं का?

तिसऱ्यांदा लावला तो मी आकड्यासाठी नाही लावला. तो लाभ माझ्या आवाजासारखा येतच नव्हता. शेवट जरा लांबवून, खालच्या पट्टीत. वडील असंच म्हणायचे.

भाग्यश्रीने मोबाईलवर भागाकार केला. दोन हजार दोनशे ऐंशी भागिले सहा. तीनशे ऐंशी. मोठ्याने वाचला नाही, फोन नुसता सीमासमोर धरला. हसली पण नाही. हे मी तिला कधी माफ करणार नाही.

सीमाने विचारलं, आईकडे बघून, साखरेचा आकडा तरी खरा हाय ना? साखरेची तीन मापटी सीमाने स्वतः मोजली होती, म्हणजे खरा. मग वजनकाट्यावरच करू, ती म्हणाली, फक्त फोडी पाच मापट्यांच्या, एकोणीसशे घेऊ. सगळ्या उठल्या. स्पीकर मी जागेवर ठेवला.

शुक्रवार, २० डिसेंबर

फोडी एकोणीसशे. साखर बाराशे नव्वद. कडेने सुटेपर्यंत हलवलं. मी खोलीत होतो, पण कान तिकडे. सुरी फिरवल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यावरून समजलो की रेघ उभी राहिली.

दोघी बहिणी यवतला गेल्या. मला कुणी चला म्हणालं नाही. दुपारी सासूबाईंना फोन आला. त्यांनी मला सांगितलं नाही, शेजारच्या सिंधूबाईंना भिंतीवरून सांगितलं, म्हणून मला कळलं. शाहनवाजभाईंनी डबा कलता करून बघितला, वड्या जागच्या हलल्या नाहीत. ऑर्डर मिळाली. दर आठवड्याला. पंचवीसला पहिली खेप.

वजनकाटा माझाच वापरला. वजनावर करायची कल्पना माझी. याची कुठेतरी नोंद असावी म्हणून इथे करतो.

तक्त्यावर काळ्या मार्करने चारशे छप्पन्न खोडून वर तीनशे ऐंशी लिहिलं आहे. चाळीस मिनिटंही खोडली आहेत. खालचं "संशोधन: मच्छिंद्र" कुणी खोडलेलं नाही. मुद्दाम ठेवलं, असं माझं मत आहे.

शनिवार, २१ डिसेंबर

मोरीतला नळ दुरुस्त केला. अजून गळतो, पण पूर्वीपेक्षा कमी.

मंगळवार, २४ डिसेंबर

भाग्यश्री आली. म्हणाली, दाजी, उद्या डबे भरायचेत, मोजायला माणूस कमी पडतोय, बसाल का? मी म्हणालो, वेळ काढावा लागेल. म्हणाली, काढा. आन् मोठ्यानं मोजा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

उघड टोमणा. तरी हो म्हणालो.

संकल्प: पहिल्या डब्याला एक. आंघोळ करताना सराव केला. एक, दोन, तीन. पाच वेळा बरोबर आलं.

बुधवार, २५ डिसेंबर

सकाळी विहाराच्या हॉलमध्ये. वड्यांचे डबे सतरंजीवर मांडलेले, मधे मोठं खोकं. सासूबाई झाकणं लावतात, भाग्यश्री चिठ्ठी चिकटवते, सीमा खोक्याजवळ टेप घेऊन. डबा मोजून खोक्यात ठेवायचं काम माझं.

पहिला डबा उचलला. सगळ्या हात थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. मी घसा साफ केला, एक डोळ्यासमोर आणला, डबा खोक्यात ठेवला आणि तोंडातून आलं, लाभ.

कुणी हसलं नाही. माझे कान तापले. डबा बाहेर काढून परत सुरुवात करावी असं वाटलं, पण हात उचलेना.

सीमा टेप ओढत होती. यवतच्या त्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मान वर न करता म्हणाली, पुढं दोन म्हणा.

दोन म्हणालो.